शेंदराखालची शेपटी

दगडात कोरलेला देव ओळखायचा असेल तर आधी त्याचा चेहरा विसरायचा, हे मी नोकरीभर कॉलेजातल्या मुलांना सांगत आलो. जुन्या पाथरवटांनी बहुतेक देवांना एकच चेहरा दिलेला असतो. अर्धे मिटलेले डोळे, जाडसर खालचा ओठ, आणि जगात कशाचंच नवल उरलं नाही असा भाव. विष्णू, शिव, सूर्य एका आईची लेकरं वाटावीत. त्यांना वेगळं करतात त्या हातातल्या वस्तू आणि पायाजवळची जनावरं. शंख-चक्र दिसलं की विष्णू, आणि चार हातांत त्या चार वस्तू कोणत्या क्रमानं आहेत यावरून त्याची चोवीस नावं. दोन हातांत दोन कमळं आणि पायात बूट असले तर सूर्य. बूट घालून देवळात उभं राहायची मुभा आपल्याकडे त्याला एकट्यालाच. चौकटीवर मगरीवर उभी ती गंगा, कासवावर उभी ती यमुना. मगर फुटली की गंगेची साधी बाई होते.

निवृत्तीनंतर मी चामोर्शीतच राहिलो. जवळच्या मार्कंड्याच्या जुन्या देवळांकडे पाहुणे आले की त्यांना मूर्ती दाखवायला लोक मला नेतात. त्यामुळे आसपासच्या गावांत माझा एक लौकिक झाला आहे, की या माणसाला देव ओळखता येतात. असा लौकिक झाला की माणूस हळूहळू त्यावर स्वतःही विश्वास ठेवू लागतो.

वैनगंगेच्या बाजूच्या एका गावात बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर एक शेंदरी दगड होता. गाव त्याला नुसतं ‘बोडीवरचा देव’ म्हणायचं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. धान रोवायच्या आधी नारळ फोडायचा, रोवणी आटोपली की पुन्हा फोडायचा. पण दोन वर्षांपूर्वी गावात समिती झाली. समितीनं दगडाभोवती सिमेंटचं देऊळ बांधलं. दगड हलवायचा नाही असं म्हातारे लोक अडून बसले, म्हणून त्याच्याभोवती चौकोनी खड्डा सोडून बाकी फरशी घातली. देऊळ झालं, आणि उद्घाटनाला पुढारी येणार म्हणून फलक करायची वेळ आली. फलकावर पुढाऱ्याचं नाव ठरलं होतं, समितीची नावं ठरली होती, हात जोडलेल्या फोटोंचा क्रमही ठरला होता. देवाचं नाव तेवढं ठरत नव्हतं. कुणी मारोती म्हणे, कुणी भैरोबा, कुणी विष्णू. तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

समितीचा अध्यक्ष रस्त्यांची कामं घेणारा ठेकेदार होता. पांढरे कपडे, काळा चष्मा, चार बोटांत चार अंगठ्या. पुढारी आणि ठेकेदार यांच्याबाबत एक बरं असतं, की त्यांची आयुधं फुटलेली नसतात. लांबूनही ओळखता येतात.

त्यानं माझ्यासाठी खुर्ची टाकली आणि चहा मागवला. आम्ही गेलो तेव्हा एक बाई दगडाला अंघोळ घालत होती. माझ्याच वयाची, काटक, पदर कमरेला खोचलेला. ‘देवाची रोजची अंघोळ ह्याइच्याच घरी आहे जी,’ अध्यक्ष म्हणाला. ‘सासूपासून चालत आलं. आम्ही लांबूनच पाया पडतो.’ बाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला पितळी गडवा तिनं आधी दगडाच्या पार तळाशी, जमिनीलगत रिकामा केला, मग दुसरा भरून डोक्यावरून ओतला. मला वाटलं, सवयीचा हात आहे, कुठेही पडतो. खालच्या पाण्यानं खड्ड्यात चिखल झाला. ती बाजूला झाली आणि मी खुर्चीतूनच पुढे वाकलो.

दगड कमरेइतका उंच. शेंदराची इतकी पुटं, की मूर्तीनं चार रजया पांघरल्यासारखं वाटावं. डोळे म्हणून वर चांदीच्या दोन टिकल्या चिकटवलेल्या. तरी काही गोष्टी शेंदरातूनही कळत होत्या. एक हात वर उगारलेला. एक पाय उचलून कशावर तरी दाबलेला. आणि बाजूनं खालून वर, खांद्यापर्यंत गेलेली दोरखंडासारखी जाड उभार रेघ.

उगारलेला हात, पायाखाली दैत्य, वर गेलेली शेपटी. आपल्या गावोगावच्या मारोतीचं हेच तर रूप.

‘मारोती,’ मी म्हणालो. चहा अजून यायचा होता.

मुलांना मी आणखी एक गोष्ट शिकवायचो. मूर्ती खालून वर वाचायची. हात आधी तुटतात, नाक त्याच्याही आधी. बैठक टिकते. वाहन, पायाजवळचे लोक, पायाखालचा शत्रू बघा, मग वर चढा. त्या दिवशी मी खालून वाचलं नाही. त्यासाठी चिखलात गुडघे टेकावे लागले असते. गुडघे माझे दुखरे आहेत आणि पँट इस्त्रीची होती. या दोहोंपैकी खरं कारण कोणतं ते मी स्वतःशीही पुष्कळ दिवस ठरवलं नाही.

उद्घाटन झालं. ध्वनिक्षेपकावर माझंही नाव घेतलं गेलं आणि मला नारळ मिळाला. पुढाऱ्यांना त्याच सकाळी अजून दोन देवांकडे जायचं होतं, त्यामुळे या देवाला त्यांनी चपला काढता-काढताच नमस्कार केला.

पंधरा-वीस दिवसांनी, चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी, ती बाई माझ्या दारात उभी राहिली. डोक्यावरची सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांची टोपली तिनं ओट्यावर उतरवली. मी बसा म्हटलं, ती बसली नाही.

‘भाऊ, तुमी मारोती म्हणले नं जी?’

‘हो.’

‘मारोतीले शिंगं असतेत का?’

मला हसू आलं. ‘मारोतीला कशाला शिंगं असतील, बाई?’

‘मलेई तेच वाटलं,’ ती म्हणाली. ‘मंग तिथी दोन शिंगं काऊन आहेत?’

माझं हसू अर्ध्यावर राहिलं. ‘कुठे?’

‘खाली. एक अर्धं तुटलं हाये. दुसरं साबूत.’

‘मी आलो होतो तेव्हा का नाही सांगितलं?’

‘तुमी कुठी इचारलं जी? तुमी तं खुर्चीवर बसले.’

मग थोडं थोडं करून तिनं सांगितलं. मारोती ठरल्यावर समितीनं खड्ड्याभोवती लोखंडी जाळी बसवली. मारोतीला बाईमाणसानं हात लावायचा नसतो, म्हणून तिला जाळीच्या बाहेर राहायला सांगितलं. अंघोळीचं काम समितीतल्या एकाकडे गेलं. तिच्या सासूनं हे केलं होतं, सासूच्या सासूनं केलं होतं. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा शेजारणीकडून ओंजळभर पाणी घालून घेतलं होतं. आता रोज सकाळी ती बोडीवर जाऊन जाळीशी उभी राहायची आणि परत यायची.

‘तो बादलीनं घालते,’ ती म्हणाली. ‘सगळं वरूनच ओतून राह्यला. मी सांगतलं त्याले, तं म्हणते, बाई, तुमाले मारोतीचं का समजते.’

आवाज चढला नव्हता. भांडायला आलेलीच नव्हती ती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती, की शिंगवाला मारोती असतो की नाही. असतो म्हटलं असतं तर टोपली उचलून निघून गेली असती, आणि पुन्हा कधी विचारलं नसतं. या विचारानं मी अजूनही अस्वस्थ होतो.

ती गेल्यावर मी कपाटातली पुस्तकं काढली. मला काय शोधायचं होतं ते ठाऊक होतं, तरी पानं उलटत बसलो. मध्येच एक जुनी गोष्ट आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी धानोऱ्यापलीकडच्या जंगलातल्या एका गोंड गावात मी वही घेऊन गेलो होतो. तिथल्या देवाची काही मूर्ती नव्हती. मोहाच्या झाडावर एका मडक्यात लोखंडी भाल्याचं टोक आणि चवरी ठेवलेली असते, सणाला ते खाली काढतात, एवढंच कळलं. मी तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला विचारलं, देव दिसतो कसा? तो म्हणाला, ‘तुमाले वहीत लिहाचं हाये म्हणून तो दिसत नसते जी.’ तेव्हा मी हे वाक्य गंमत म्हणून वहीत लिहिलं होतं. आता ती वही समोर आली असती तर मी बहुधा तिच्यापासूनही तोंड लपवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून गावात गेलो. देवळाच्या दारावर फलक होता. सगळ्यात मोठा पुढारी, मग अध्यक्ष, मग समिती, आणि कोपऱ्यात, तिकिटाएवढा, इंटरनेटवरून घेतलेला मारोती. आत जाळीला पितळी गदा टेकवून ठेवली होती. बाई तिथंच होती. अंघोळ घालणारा नुकताच बादली घेऊन गेला होता आणि जाळीचं दार उघडंच होतं.

‘तुम्ही दाखवा,’ मी म्हणालो.

‘मी आत येत नाई. नाई म्हणतलं हाये त्याइनं.’

‘मग?’

‘तुमी जा. मी सांगते.’

मी चिखलात गुडघे टेकले. वर शेंदूर आणि खाली चिखल, डोळ्यांना काही दिसत नव्हतंच, म्हणून ते मिटून घेतले. ती जाळीबाहेर, माझ्या पाठीमागे चार हातांवर उभी होती. दगडाची ती बाजू तिला तिथून दिसणं शक्य नव्हतं.

‘उजवा हात खाली न्या. अजून खाली. मातीले लागला का? आता डावीकडे. तिथी खड्डा लागन लहानसा.’

लागला.

‘थो नाकाचा हाये. त्याच्या बाजूले दुसरा.’

दुसरा लागला. जनावराच्या नाकपुड्या. तळाशी शेंदूर पातळ होता, जवळजवळ नव्हताच. वर रजया होत्या आणि इथे दगडाची उघडी कातडी. थंड, ओली, आणि इतकी गुळगुळीत, की घडवल्यानंतर पुष्कळ हातांनी ती घडवत ठेवली असावी.

‘आता वर या. आडवं शिंग लागन. त्याले धरून जा, तुटलं नाई ते. टोकाशी बोट जपून, धार हाये.’

होती. माझ्या बोटांनी ते शिंग टोकापर्यंत वाचलं. मुंडकं उताणं पिळलेलं होतं. त्यावर एक पाऊल दाबलेलं, आणि पावलाच्या वर घोट्याशी कड्यांसारख्या तीन बारीक वळ्या.

‘पैंजण हाये ते,’ मागून आवाज आला. मी हात थांबवला होता हे तिला कसं कळलं, मला कळलं नाही.

‘आता पाठीवरून जा. मोठी पाठ हाये. मागचा पाय लागन, त्याले खूर हाये. तिथून शेपटी निघते. धरली का?’

धरली. मी शेंदरात पाहिली होती तीच उभार रेघ. ती मारोतीच्या कमरेतून निघत नव्हती. ती जनावराच्या पाठीमागून निघत होती आणि सरळ वर जात होती. मी तिच्यासोबत वर गेलो.

‘आता मूठ लागन.’

लागली. चार बोटं आणि अंगठा, शेपटीभोवती घट्ट आवळलेले. लहान मूठ होती. बाईची.

मी पुस्तकांतून हे रूप अनेकदा शिकवलं होतं. म्हशाला शेपटीनं उचलून, त्याच्या डोक्यावर पाय देऊन उभी असलेली देवी. महिषासुरमर्दिनीचं फार जुनं रूप. नंतरच्या काळात शेपटी सुटते, म्हशाच्या कापल्या मानेतून माणूस बाहेर येतो, सिंह येतो, हात वाढत जातात. हे त्या सगळ्याच्या आधीचं. आमच्या भागात मी ते कधी पाहिलं नव्हतं. ते स्कूटरवर वीस मिनिटांवर होतं, आणि मी चहाची वाट पाहत त्याला मारोती म्हटलं होतं.

मी तसाच बसून राहिलो. ती मूठ माझ्या मुठीत होती. कुणा पाथरवटानं ती कोरली, मग ती शेंदराखाली गेली, आणि तेव्हापासून ती कुणाच्याही डोळ्यांनी पाहिली नव्हती; पण एक बाई तिच्या आधीच्या बाईला, आणि ती तिच्या आधीच्या बाईला विचारून, रोज सकाळी ती मूर्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत आली होती. तिला एकही आयुध माहीत नव्हतं आणि तिच्याकडून एकही खूण सुटली नव्हती.

तेवढ्यात अध्यक्ष आला. सोबत समितीतले तिघे. माझी स्कूटर दिसली म्हणून आले होते.

‘सर, तुमी चिखलात का करून राह्यले?’

‘जे त्या दिवशी करायला हवं होतं ते. मी चुकलो, भाऊ. हा मारोती नाही. देवी आहे.’

त्यानं काळा चष्मा काढला. ‘सर, तुमीच तं सांगतलं होतं.’

‘मीच सांगितलं होतं.’

‘फलक लागला. गदा आली नागपूरवरून. साहेब भाषणात मारोती म्हणून गेले, त्याचा व्हिडिओ आहे.’

‘व्हिडिओनं शिंगं जात नाहीत.’

‘शेंदूर काढून दाखवा मंग.’

हे ऐकल्यावर तिघेही एकदम नाही म्हणाले. शेंदूर कुणी खरवडायचा नसतो. देवाला वाटलं की तो आपोआप सुटून पडतो, तोवर हात लावणारा भोगतो. अध्यक्षालाही ते माहीत होतं. मला अडचणीत आणायलाच तो तसं म्हणाला होता. मी म्हणालो, ‘काढायचा कशाला? हात लावून पाहा. बाई सांगतील.’

आधी तिघांपैकी एक जण आला. बाईनं त्याला माझ्यासारखंच नेलं, खाली, डावीकडे, खड्डा. शिंगाशी तो ‘अबे’ म्हणाला आणि मग देवासमोर म्हणालो म्हणून कानाला हात लावला. कान शेंदरी झाला. दुसरा आला. तिसरा हात लावून उठला आणि पदर असल्यासारखा खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेऊन कडेला उभा राहिला.

अध्यक्ष शेवटी आला. अंगठ्या काढून त्यानं खिशात टाकल्या, पांढरी पँट वर ओढली आणि उकिडवा बसला.

‘बोला बाई. माहा हात कुठी हाये आता?’

‘तुमचा हात त्याच्या नाकात हाये जी,’ बाई म्हणाली. ‘काढा, त्याले दम घेऊ द्या.’

तिघे हसले. अध्यक्षही हसला, पण हात पुढे नेत गेला. शिंग, पाऊल, पैंजण, पाठ, खूर. शेपटीवरून तो सावकाश वर चढला आणि मुठीपाशी थांबला. पांढऱ्या पँटचे गुडघे केव्हा टेकले ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. इतक्या वर्षांत त्यानं या देवाला लांबूनच हात जोडले होते.

‘बाईचा हात हाये बे,’ तो शेवटी म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

उठल्यावर त्यानं जाळीचं दार पाठीमागे ढकलून पूर्ण उघडलं. मग गदेकडे पाहिलं. ‘आता ह्याचं का कराचं?’

‘राहू द्या जी,’ बाई म्हणाली. ‘बोडीवर कुत्रे लई येतेत.’

तिला कुणी ‘या’ असं म्हटलं नाही. गरजही पडली नाही. ती गडवा घेऊन बोडीच्या पायऱ्या उतरली, भरून आणला आणि आत आली. मी अजून खड्ड्यातच होतो, गुडघे उठू देईनात. तिनं माझ्या बाजूला वाकून पहिला गडवा तळाशी, त्या नाकपुड्यांवर, हळूहळू रिकामा केला. बादलीवाल्यासारखा ओतला नाही. पाजतात तसा.

‘आधी खाली का घालता?’ मी विचारलं. या वेळी विचारलं.

‘सासूनं सांगतलं होतं. पह्यला गडवा खालच्याले.’

‘खालचा कोण, माहीत होतं?’

‘नाई जी. जनावर हाये एवढं समजे हाताले. सासू म्हणे, तो कवापासून पडला हाये, तहानला असन.’

माझ्या विद्येत तो खालचा म्हणजे एक खूण होता. तो दिसला की वरची कोण हे ठरतं, पुढच्या मूर्तीकडे जाता येतं. मी कितीएक म्हसे पाहिले होते, चित्रांत, दगडांत, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत. तहानलेला एकही नाही.

ती दुसरा गडवा भरून आली.

‘सरका, भाऊ,’ ती म्हणाली. ‘आता वरून येईन पाणी. पँट भिजन तुमची.’

मी सरकलो नाही.